दुसऱ्या दिवशीचा पेपर

मॅडम नांदेडच्या एका महाविद्यालयात शिकवतात, मुदखेडला राहतात आणि काही वर्षांपासून महाविद्यालयाच्या, लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीच्या अध्यक्ष आहेत. त्यांचं नाव इथं देत नाही. नाव दिलं की महाविद्यालय कळतं, आणि महाविद्यालय कळलं की मुली ओळखू येतात. पुढच्या प्रसंगांतल्या खुणाही याच कारणानं बदलल्या आहेत.

मुदखेड म्हणजे जंक्शन. एक फाटा उमरी-धर्माबादवरून निजामाबादकडे जातो, दुसरा भोकर, हिमायतनगर, किनवटवरून आदिलाबादकडे. दोन्ही फाट्यांवरच्या गावांतल्या मुली नांदेडला शिकायला येतात. काही खोली करून राहतात, काही रोज अप-डाऊन करतात. मॅडमही त्याच डब्यात. समितीची माहिती त्यांच्याकडे बहुतेक इथूनच येते. महाविद्यालयाच्या जिन्याखाली तक्रारपेटी आहे. तिच्यात चॉकलेटचे कागद निघतात, एकदा चाचणी परीक्षेची एक उत्तरपत्रिकाही निघाली होती. तक्रार मात्र मुगट स्टेशन गेल्यावर, नांदेड यायच्या आत, शेजारच्या सीटवरून हळूच येते: ‘मॅडम, माझ्या एका मैत्रिणीचं विचारायचं होतं.’

कोण मैत्रीण, हे मॅडम कधीच विचारत नाहीत.

या कामाला लागण्याआधी त्यांची अशी समजूत होती की मुलीला सगळ्यात जास्त भीती अत्याचार करणाऱ्या मुलाची वाटत असेल, किंवा बदनामीची. या दोन्ही भीती असतातच. पण मुली बोलायला लागल्या की पहिल्या दोन-तीन वाक्यांत जे येतं ते वेगळंच असतं. ‘घरी कळालं तर शिकणं बंद.’ शब्द थोडे इकडेतिकडे होतील, अर्थ हाच. त्याच्या मागून येतं ते ‘दिवाळीच्या आत लगीन लावून देतील.’

हे नीट समजून घेतल्याशिवाय मराठवाड्यातल्या मुलीचं गप्प राहणं कळत नाही. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी २०२४ पासून सरकारनं पूर्ण माफ केली. दार उघडलं, हे खरंच. पण प्रवेशाचा खरा अर्ज घरातच भरला जातो आणि दर जूनला नव्यानं मंजूर करून घ्यावा लागतो. चुलते विचारतात, आत्या विचारते, ‘अजून किती शिकवायचं?’ बाप कसाबसा पाठीशी उभा असतो. अशा वेळी जी गोष्ट कळली की बापाचा सगळा युक्तिवाद कोसळेल, ती मुलगी घरी कशी सांगणार? ती गप्प बसते तेव्हा अनेकदा तिनं पूर्ण हिशेब केलेला असतो: जे झालं ते झालं, निदान बीएस्सी तरी हातची जाऊ नये. बाहेरून बघणाऱ्याला हा भित्रेपणा वाटतो. मॅडमना तसा वाटत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ज्या स्त्रियांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती, त्यांपैकी ७७ टक्क्यांनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. त्यात अठरा ते एकोणपन्नास वयाच्या बायका आल्या. विद्यापीठांतल्या मुलींबद्दलचं सगळ्यात गाजलेलं काम अमेरिकेतलं. मेरी कॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ३२ शिक्षणसंस्थांतल्या ६,१५९ विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. बलात्काराच्या कायदेशीर व्याख्येत बसणारा प्रसंग ओढवलेल्या मुलींपैकी ४२ टक्क्यांनी तो कुणालाच सांगितला नव्हता. पोलिसांपर्यंत पोचल्या होत्या ५ टक्के. आणि जे झालं त्याला बलात्कार म्हणणाऱ्या जेमतेम चौथा हिस्सा. बहुतेकींच्या बाबतीत करणारा ओळखीचा होता. आपल्याकडेही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दरवर्षी तेच सांगतात: नोंद झालेल्या बलात्कारांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. म्हणजे नोट्स देणारा, गावाकडचा, मैत्रिणीचा भाऊ, ट्यूशनचा सर.

मॅडमच्या समितीपुढं आलेलं एक प्रकरण असंच होतं. विज्ञान शाखेची, दुसऱ्या वर्षाची मुलगी. वर्गातल्या एकाच्या खोलीवर वाढदिवस होता, बाकीचे आधी निघून गेले. त्या रात्री खोलीवर परतून ती अंघोळ करून झोपली. सकाळी आठला प्रॅक्टिकल होतं. ती गेली, जर्नलवर सही घेतली. दहा-बारा दिवसांनी त्याच मुलाला तिनं व्हॉट्सअॅपवर विचारलं, ‘सबमिशनची तारीख काय आहे?’ तक्रार आली त्यानंतर दोन महिन्यांनी, तीही तिची नव्हे, तिच्या रूममेटची. मुलगी मागं उभी होती.

समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी तो मेसेज वाचून चष्मा काढला. ‘असं काही झालं असतं, तर पोरगी त्याला तारीख विचारायला जाईल का?’ प्रश्न दुष्टपणानं विचारलेला नव्हता. बैठकीतल्या निम्म्या लोकांच्या मनात तोच होता.

मॅडमनी त्यावर एक खटला सांगितला. पंजाब, ३० मार्च १९८४. दहावीच्या परीक्षेचा पेपर देऊन परतणाऱ्या मुलीला मोटारीतून पळवून नेण्यात आलं आणि रात्रभर तिच्यावर अत्याचार झाला. सकाळी तिला शाळेजवळ आणून सोडलं. त्या दिवशीही पेपर होता. तो तिनं दिला, मग घरी गेली आणि आईला सांगितलं. विशेष न्यायालयानं आरोपींना सोडून दिलं. वाटेत ओरडली का नाही, परीक्षा केंद्रावरच्या शिक्षिकांना का नाही सांगितलं, हे प्रश्न तेव्हाही विचारले गेले होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, आरोपींना दोषी ठरवलं आणि मुलीनं पहिल्यांदा आईलाच सांगणं यात अस्वाभाविक काही नाही असं म्हटलं. ‘पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग’ या नावानं तो निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. चष्मा काढलेल्या सरांनी विचारलं, ‘पेपर दिला तिनं?’ मॅडम म्हणाल्या, ‘दिला.’

अत्याचारानंतर माणूस कसं वागतं याचा पद्धतशीर अभ्यास पन्नास वर्षांपासून चालू आहे, हे आपल्याकडच्या समित्यांना बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. अॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बोस्टनच्या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांशी बोलून १९७४ साली एक लेख लिहिला. त्यांना दोन तऱ्हा दिसल्या. काही जणी रडत होत्या, थरथरत होत्या, चिडत होत्या. जवळपास तेवढ्याच जणी शांत बसून, विचारलेल्या प्रश्नांची नीट उत्तरं देत होत्या. चौकशीच्या टेबलावर पहिलीवर विश्वास बसतो, दुसरीवर शंका येते. आपल्या मालिकांनी आणि सिनेमांनी आपल्याला एकच तऱ्हा दाखवलेली आहे. खरी मुलगी तशी वागली नाही की आपल्यालाच फसवल्यासारखं वाटतं.

‘ओरडली का नाही’ या प्रश्नाचं तर वेगळं प्रकरण आहे. डब्यातली एक मुलगी मॅडमना म्हणाली होती, ‘तोंडातून आवाजच निघंना, मॅडम. हातपाय माझे नव्हतेच जणू.’ स्वीडनमध्ये २०१७ साली अत्याचारानंतर तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी त्या वेळी शरीर ठळकपणे ताठरून गेल्याचं, हलता न आल्याचं सांगितलं. हा ठरवून केलेला प्रतिसाद नसतो.

महाराष्ट्रानं या एका प्रश्नापायी फार मोठी किंमत दिली आहे. २६ मार्च १९७२ ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. तोच मथुरा खटला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं पोलिसांना शिक्षा दिली होती. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती होती असा अर्थ काढून त्यांना मोकळं केलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. शरण जाणं म्हणजे संमती का, हा त्यांचा सवाल होता. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं, १९८३ मध्ये कायदा बदलला. एवढं होऊनही फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट आगारात उभ्या असलेल्या एसटीत तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली, तेव्हा राज्याचे एक मंत्रीच म्हणाले की झटापट झाली नाही म्हणून आजूबाजूच्यांना कळलं नाही. ती तरुणी त्यानंतर गावी जाणाऱ्या दुसऱ्या बसमध्ये बसली होती. वाटेत तिनं फोनवर एका मित्राला सांगितलं, त्यानं पोलिसांत जायला सांगितलं, ती हडपसरला उतरली आणि गेली. त्या आठवड्यात चर्चा झाली ती ‘दुसऱ्या बसमध्ये बसलीच कशी’ याची.

फोनवरच्या मित्राबद्दल फारसं कुणी बोललं नाही. मॅडमच्या मते त्या सगळ्या प्रसंगात कळीचा माणूस तोच.

कारण मुली पोलिसांना सांगत नाहीत, समितीला सांगत नाहीत, आईला तर नाहीच, सांगतात रूममेटला. तेही रात्री लाइट बंद झाल्यावर. शिकागोच्या संशोधक सेरा उलमन यांनी अनेक वर्षं हेच अभ्यासलं: सांगितल्यावर समोरचा काय बोलला याचा मुलीच्या नंतरच्या मनःस्थितीवर मोठा परिणाम होतो. दोष देणारं, अविश्वासाचं उत्तर मिळालेल्या मुलींना जास्त त्रास होतो. ‘तू गेलीसच कशाला?’ एवढं एक वाक्य पुरतं. यात रूममेटचा तरी काय दोष? ती अठरा-एकोणीसची, तिलाही हे कुणी शिकवलेलं नाही, आणि या खोलीची गोष्ट बाहेर फुटली तर तिचे आईवडीलही तिला घेऊन जातील ही भीती तिच्याही पोटात असते.

म्हणून मॅडमनी पहिल्या वर्षाच्या स्वागत कार्यक्रमातलं आपलं भाषण बदललं. तुमच्यावर प्रसंग आला तर काय करा, हे त्या आता नंतर सांगतात. आधी सांगतात, मैत्रिणीनं तुम्हाला सांगितलं तर काय करा. तिच्याजवळ बसा. का गेली, काय घातलं होतं, हे विचारू नका. तिनं जे आणि जेव्हा सांगितलं ते तारीख-वेळेसकट स्वतःपुरतं लिहून ठेवा. आणि दवाखान्याचं लगेच बघा, बाकी ठरवायला वेळ आहे. मुली हे वहीत लिहून घेतात. मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा हसतात, मग तीही ऐकतात.

दवाखान्याची घाई खरी आहे. गर्भधारणा टाळण्याच्या गोळ्या आणि एचआयव्हीचा धोका कमी करणारी औषधं ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. त्यासाठी अंघोळ केली नसेल तर बरं, केली असेल तरी जायचंच, आणि अंगावरचे कपडे न धुता कागदात गुंडाळून न्यायचे. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयाला मोफत उपचार देणं बंधनकारक आहे आणि नाकारलं तर तो गुन्हा आहे. पोलिसांत जायचं नसेल तर तसं लिहून देऊनही सज्ञान मुलगी उपचार घेऊ शकते. ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच चुकीची ठरवली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ती करणाऱ्यांवर कारवाईचा इशारा दिला. त्या चाचणीविरुद्धच्या लढाईत आपल्या सेवाग्रामचे न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांचं काम मोठं आहे. हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात एका रुग्णालयात मॅडमना बाकावर बसून ऐकावं लागलं, ‘आधी पोलिसांचं पत्र आणा.’ पर्समध्ये ठेवलेली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत त्यांनी टेबलावर ठेवली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी ती वाचली आणि काम सुरू केलं.

एका बाबतीत मॅडमचे हात बांधलेले असतात. मराठवाड्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांत अकरावी-बारावी आणि पदवी एकाच आवारात भरते. समोर बसलेली मुलगी सतरा वर्षांची असेल, तर पोक्सो हा बाल-लैंगिक अत्याचारविरोधी कायदा लागू होतो आणि माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची सक्ती येते. ‘कुणाला सांगू नका’ हे वचन देताच येत नाही. म्हणून डब्यात ‘मैत्रिणीचं’ सुरू झालं की मॅडम पहिल्यांदा एवढंच विचारतात, ‘मैत्रीण अठराची झाली का?’ उत्तर नाही असं आलं तर पुढं काय होऊ शकतं हे त्या आधी सांगतात, मग ऐकतात. काही मुली त्यानंतर बोलत नाहीत. बीडच्या एका खासगी क्लासमधल्या शिक्षकांवर जून २०२५ मध्ये अल्पवयीन विद्यार्थिनीच्या छळाचा गुन्हा दाखल झाला, त्या आठवड्यात मात्र डब्यातल्या चौघीजणी आपणहून बोलायला लागल्या होत्या.

समितीचं काम कसं चालतं? विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम २०१६ मध्ये लागू झाले. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. नव्वद दिवसांत चौकशी. समितीत निम्म्या तरी स्त्रिया, विद्यार्थ्याचं प्रकरण असेल तर विद्यार्थी प्रतिनिधी, आणि संस्थेबाहेरची एक व्यक्ती. चौकशी चालू असताना मुलाची तुकडी बदलणं, त्याला अंतर राखायची ताकीद देणं, मुलीला हजेरी न बुडता तीन महिन्यांपर्यंत रजा देणं, हे सगळं समिती सुचवू शकते. वाढदिवसाच्या प्रकरणात मुलीची मागणी एवढीच होती की प्रॅक्टिकलच्या टेबलावर तो समोर नको. तुकडी बदलायची ठरली तेव्हा विभागातून सूचना आली, ‘मुलीचीच बदला, सोपं पडेल.’ मॅडमनी मुलाची बदलून घेतली. त्यासाठी वेळापत्रक दोनदा फाडावं लागलं.

आणि मग गाडी येते. पांढरी, समोर पक्षाचा झेंडा किंवा गावाच्या सरपंचपदाची पाटी. दोन्हीकडचे वडीलधारे एकाच गाडीतून उतरतात, असंही मॅडमनी पाहिलं आहे. ‘मॅडम, लेकराचं वाटोळं होईल. मिटवून घ्या.’ लेकरू म्हणजे मुलगा. कधी प्रस्ताव असतो दोघांचं लग्न लावून टाकायचा. बलात्काराच्या प्रकरणात तडजोड किंवा लग्न हे शिक्षा कमी करण्याचं कारण होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बजावलं आहे. मॅडम त्यांना चहा देतात, कायदा सांगतात आणि मुलीला त्या खोलीत बोलवायला ठाम नकार देतात. एका बापानं बाहेर पडताना विचारलं होतं, ‘मग पोरीला घरी नेऊ का ठेवू?’ तो मुलीचा बाप होता. त्याच्याशी बोलण्यात दुपार गेली. मुलगी राहिली.

मुलांबद्दलही बोलायला हवं. वसतिगृहात रॅगिंगच्या नावाखाली मुलांवर जे होतं त्यातलं काही लैंगिक अत्याचारच असतं. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे आणि आयोगाचे विनियम विद्यार्थ्यांनाही संरक्षण देतात. पण नव्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरतीच आहे, आणि पुरुषांवरच्या अत्याचारालाही लागू होणारं जुनं ३७७ कलमही गेलं. सज्ञान मुलानं पोलिसांत जायचं तर नेमकं कलम सापडत नाही. मॅडमकडे असा एकच मुलगा आला. त्यानं सुरुवात ‘मित्राचं विचारायचं होतं’ अशीच केली.

समितीत सध्या एक वाद चालू आहे. बाहेरच्या सदस्य, ज्या एका संस्थेत काम करतात, त्यांचं म्हणणं की प्रत्येक मुलीला पोलिसांत जायला आग्रह करावा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात होतो, मनोधैर्य योजनेतून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत गंभीर प्रकरणात दहा लाखांपर्यंत मदत मिळते, सखी केंद्र आहे, १८१ ही हेल्पलाइन आहे. मग आपणच तिला मागं का ओढायचं? मॅडमचं म्हणणं, ओढू नये आणि ढकलूही नये. मुलीनं आपल्या शिक्षणाचा हिशेब केलेला असतो, तो आपण तिच्यासाठी परत मांडायला बसलो की तिच्या हातून आणखी एक गोष्ट जाते. दोघींचंही पूर्ण पटत नाही. समितीकडे तक्रार करायची मुदत फार तर सहा महिन्यांत संपते, बलात्काराच्या फौजदारी तक्रारीला मुदतीचं बंधन नाही. ही एक गोष्ट मात्र प्रत्येक मुलीला लेखी द्यायची, यावर दोघींचं एकमत झालं.

वाढदिवसाच्या प्रकरणातली मुलगी बीएस्सी झाली. आता पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी तिचा मॅडमना फोन आला. समितीच्या अहवालाची प्रमाणित प्रत हवी होती, वकिलानं मागितली होती. घरी अजून सांगितलेलं नव्हतं, पण धाकटी बहीण नुकतीच बारावी झाली, तिचा प्रवेश आधी होऊन जाऊ द्या म्हणाली. मग तिनं विचारलं, रूममेटनं लिहून ठेवलेला कागद फाइलला लावलेला आहे का. लावलेला होता. तिसऱ्या दिवशी अर्ज आला, प्रत कुरिअरनं गेली.